कुंडीतला बटाटा अहिंसक कसा?



पर्युषण होऊन महिना उलटत नाही तोच एक संदेश मोबाईलवर फिरायला लागला आहे. तुमच्यापैकी बऱ्याच जणींकडे आला असेलच. आमच्या भागातल्या एका महिला गटाने यंदा परसबागेची स्पर्धा ठेवली आहे. दुधी, घेवडा, मेथी यांच्या यादीत चौथं नाव आहे बटाटा. दसरा झाला की बेणं वाटायचं, संक्रांत झाली की काढणी, मग वजन आणि बक्षीस. गटात निम्म्याहून जास्त बायका आपल्या. आणि कोणाला शंका येऊ नये म्हणून खाली लिहिलं आहे की ग्रो-बॅगमध्ये लावायचा, खणायचं नाही, औषध मारायचं नाही, म्हणजे हा "अहिंसक बटाटा" आहे.

मी त्या गटातल्या बायकांना ओळखते. वाईट हेतू कोणाचाच नाही. पण हा शब्द मला गिळता येत नाही, म्हणून आज स्पष्टच लिहिते.

बटाटा कोणी खावा आणि कोणी खाऊ नये हे ठरवायला मी बसलेली नाही. ज्यांनी जमीकंदाचे पच्चक्खाण घेतलेले नाहीत त्या खातात, खाऊ देत. "आम्ही खातो" म्हणून सरळ सांगणाऱ्या बाईबद्दल मला आदरच आहे. माझं भांडण बटाट्याला अहिंसक म्हणण्याशी आहे. खायचा तर खा, पण धर्माचं लेबल चिकटवून खाऊ नका. आणि न खाता केवळ हौसेसाठी पिकवायचा असेल, तर ते खाण्याहूनही जड आहे असं माझं म्हणणं आहे. का ते सांगते.

आधी बटाटा पिकतो कसा ते नीट पाहू. आपल्यातल्या बहुतेक जणींनी तो कधी लावलेला नाही. त्यामुळे कोणी काहीही सांगितलं तरी पटतं.

माझं माहेर शिरूरचं. जुनी माणसं अजून घोडनदीच म्हणतात. शिरूरला लागूनच आंबेगाव आणि खेड तालुके, म्हणजे पुणे जिल्ह्यातला बटाट्याचा पट्टा. सातगाव पठारावर पावसाच्या पाण्यावर बटाटा होतो आणि मंचरच्या बाजारात पंजाबहून बेण्याचे ट्रक येतात. शिमल्याच्या बटाटा संशोधन संस्थेने आपल्या पठारासाठी काढलेल्या एका वाणाचं नावच "कुफरी लवकर" आहे. सासर दौंडचं, भीमेकाठची काळी जमीन, सगळीकडे ऊस. या चिकट जमिनीत बटाटा चांगला पोसत नाही, पाणी साचून कुजतो. म्हणूनच दौंडच्या बायकांना पिशवीची कल्पना इतकी आवडली असावी.

बटाट्याला बी पेरत नाहीत. बटाटाच बेणं असतो. तीस-चाळीस ग्रॅमचा, दोन-तीन डोळे असलेला तुकडा कापायचा. एका किलोचे असे पंचवीस-तीस तुकडे होतात. सावलीत ठेवले की कापलेल्या जागी नवी साल धरते, जशी आपल्या जखमेवर खपली. आपल्याकडे घरी लावायचा तर ऑक्टोबरची अखेर ते नोव्हेंबर ही वेळ, कारण त्याला थंड रात्री लागतात. दोन-तीन आठवड्यांत कोंब वर येतात. महिन्याने बुंध्याला मातीची भर द्यायची. मातीखाली खोडालाच आडव्या फांद्या फुटतात, त्यांची टोकं फुगतात आणि तेच बटाटे. वाढत्या बटाट्याला उजेड लागला तर तो हिरवा पडतो, कडू आणि विषारी होतो, म्हणून पुन्हा माती ओढायची. ऐंशी-नव्वद दिवसांनी पाला पिवळा पडला की पाणी तोडायचं, पाला कापायचा आणि आठ-दहा दिवस बटाटे मातीतच राहू द्यायचे. साल पक्की झाली की काढायचे.

हे सगळं लक्षात ठेवा. आता त्या संदेशातले दावे एकेक घेऊ.

"खणायचं नाही, म्हणून हिंसा नाही"

पिशवी उपडी करायची, बटाटे वेचायचे, फावडं लागत नाही, हे खरं. पण पिशवीतली माती कुठून येते? कोणीतरी कुठेतरी खणूनच आणली ना? त्यात गांडूळखत मिसळायचं, म्हणजे गांडुळांची अंडी-पिल्लंही आलीच. तीन महिने त्या अंधाऱ्या ओलाव्यात किती जीव राहायला आले असतील! आणि एका सकाळी ती सगळी वसती गच्चीवर पत्र्यावर, उन्हात पालथी करायची. शेतकऱ्याच्या फावड्याने बिचारे काही मरतात, बाकीचे मातीत परत शिरतात. पिशवी उपडी केल्यावर कोणाला शिरायला जागाच नाही.

पण हा मुद्दा बाजूला ठेवला तरी चालेल. कारण नुसतं खणण्यामुळे बटाटा वर्ज्य असता तर भुईमूगही वर्ज्य झाला असता. भुईमूग मातीतूनच उपटतो आणि आपण शेंगदाण्याची चटणी, कूट, चिक्की सगळं खातो. कोणी अडवत नाही. म्हणजे जमिनीखाली येणं एवढंच कारण नाही, हे आपल्या रोजच्या ताटातच सिद्ध आहे. शेंगदाणा म्हणजे बी. एका दाण्याला एक जीव, प्रत्येक वनस्पती. बटाटा हा साधारण वनस्पतीत, अनंतकायात मोजला आहे. एका शरीरात अनंत जीव. मातीतून कोणत्या पद्धतीने बाहेर काढला याने त्या गणतीत काहीच बदलत नाही. पिशवी उपडी करून काढला तरी तो अनंतकायच.

"बटाटा मूळ नाही, खोड आहे"

हा मुद्दा शाळेत विज्ञान शिकलेल्या मुली मांडतात, आणि बरोबर मांडतात. बटाटा खरंच मूळ नाही. गाजर-मुळा हे मूळ, बटाटा हे जमिनीखालचं खोड. पण यातून बटाटा सुटतो कसा? उलट जास्तच अडकतो.

बटाटा हातात घेऊन बघा. त्याच्या अंगावर डोळे असतात. डोळा म्हणजे खोडावरचा अंकुर. एका बटाट्याला पाच-दहा डोळे, आणि त्यातल्या प्रत्येक डोळ्यातून अख्खं झाड होऊ शकतं. तुकडे करा, मेला असं वाटतं, पण प्रत्येक तुकडा जिवंत. भेंडीचे तुकडे मातीत टाकले तर कुजतात. दोडक्याचे कुजतात. बटाट्याचे उगवतात.

आता जुने लोक काय म्हणून गेले ते बघा. शांतिसूरींच्या "जीवविचार" प्रकरणात साधारण वनस्पती ओळखायच्या खुणा दिल्या आहेत. शिरा, सांधे, गाठी वरून दिसत नाहीत. मोडली तर सरळ, सारखी मोडते. आत तंतू नसतात. आणि तोडली तरी पुन्हा उगवते. कच्चा बटाटा कट्कन मोडा आणि या खुणा लावून बघा. ज्यांनी कधी सूक्ष्मदर्शक पाहिला नाही त्यांनी हे नुसत्या डोळ्यांनी, हाताने तपासून लिहिलं. "खोड आहे" हे विज्ञानाचं म्हणणं आणि "तोडली तरी उगवते" हे शास्त्राचं म्हणणं, दोन्ही एकाच डोळ्याकडे बोट दाखवतात.

"आगमात बटाट्याचं नाव नाही"

नसणारच. बटाटा दक्षिण अमेरिकेतला. पोर्तुगीज जहाजांबरोबर तो आपल्याकडे आला आणि "बटाटा" हा शब्दही पोर्तुगीजच. जुन्या ग्रंथांत आलू, पिंडालू असे शब्द दिसतात ते दुसऱ्या कंदांचे आहेत, हे मान्य. पण म्हणूनच तर खुणा सांगून ठेवल्या. नुसती नावांची यादी दिली असती तर उद्या परदेशातून नवीन कंद आला की आपण मोकळ्या. खुणा दिल्या म्हणजे जे अजून आलेलं नाही त्याचाही विचार झाला. आपल्या मुलींना नियम पाठ करून घेण्यापेक्षा या खुणा शिकवल्या असत्या तर आज त्या "ग्रंथात नाव दाखव" असं म्हणाल्या नसत्या. मोबाईलचं नावही आगमात नाही, तरी सामायिकात तो बाजूला ठेवायचा हे आपल्याला समजतंच ना?

"औषध नाही, कीड मारायची नाही"

हा दावा बेणं लावेपर्यंत टिकतो. पुढे नाही. थंडी सुरू झाली की पाल्यावर मावा येतो. गांडूळखतात हुमणीची अळी आली तर बटाटा खालून पोखरते. औषध नाही मारायचं तर हाताने वेचून टाकायचं, म्हणजे काय करायचं ते कोणी लिहीत नाही. नुसतं "सेंद्रिय" म्हटलं की मन शांत होतं. सेंद्रिय म्हणजे खाणाऱ्याच्या पोटात विष गेलं नाही एवढंच. किड्यांचं काय झालं हे त्या शब्दात नाही.

आणि खरी परीक्षा काढणीनंतर, साठवणीत आहे. स्पर्धेच्या संदेशात "वर्षभर साठवा" असं एका ओळीत उरकलं आहे. वर्षभर? दौंडला? मार्चमध्ये आपल्या घरांचे पत्रे तापतात तेव्हा पाण्याचा माठ सुद्धा गार राहत नाही.

घरी बटाटा ठेवायचा तर धुवायचा नाही. सावलीत आठ-दहा दिवस पसरून ठेवायचा, म्हणजे खरचटलेली साल भरून येते. कापलेला, ठेचलेला वेगळा काढायचा, नाहीतर तो शेजारच्यालाही कुजवतो. मग टोपलीत किंवा गोणपाटात, अंधाऱ्या आणि वारा खेळणाऱ्या जागी, कांद्यापासून लांब. एवढं सगळं केलं तरी काढल्यापासून दोन-अडीच महिन्यांत त्याची झोप मोडते. जानेवारीत काढलेला बटाटा गुढीपाडव्याच्या सुमाराला टोपलीत डोळे उघडतो. पाणी नाही, माती नाही, उजेड नाही, तरी पांढरे कोंब बाहेर.

कोणी म्हणेल, गहूसुद्धा उगवतो, मग तो कसा चालतो? गव्हाच्या एका दाण्यात एक जीव मानला आहे, आणि पाणी मिळेपर्यंत तो कणगीत गप्प बसतो. बटाट्याला कोणाचीच वाट बघायची नसते. तो टोपलीतही श्वास घेतो, वजन घटवतो, सुरकुततो आणि फुटतो. बटाटा साठवण्याची सगळी विद्या म्हणजे जिवंत वस्तूला उगवू न देण्याची विद्या आहे. आंबेगाव-खेडचे शेतकरी बटाट्याच्या अरणी लावतात, म्हणजे सावलीत ढीग करून वर पाला-पाचट झाकतात. शीतगृहात बेणं दोन ते चार अंशांत ठेवतात. कांद्याला आणि बटाट्याला कोंब येऊ नयेत म्हणून किरणांचा मारा करण्यापर्यंत माणूस गेला आहे. आपल्या लासलगावला भाभा अणुसंशोधन केंद्राने २००२ साली त्यासाठीच "कृषक" हे केंद्र उभं केलं. ज्याला उगवण्यापासून थांबवायला अणुशास्त्रज्ञ लागतात, त्यात जीव किती असेल याचा हिशोब तुम्हीच करा.

त्यात आपल्या उष्ण हवेत साठवलेल्या बटाट्याला पोखरणारी अळी लागते. राखाडी पाकोळी डोळ्यापाशी अंडी घालते, अळी आत शिरते, बाहेर काळी विष्ठा दिसते. एका बटाट्यातून ती टोपलीभर पसरते. मग काय करणार? औषध मारणार, की पाकोळ्या-अळ्यांसकट टोपली कचरागाडीत टाकणार? दोन्हीपैकी अहिंसक कोणतं?

मग हा बटाटा कोणासाठी?

हा माझा मुख्य मुद्दा आहे. गटातल्या आपल्या बायकांना विचारलं की तुम्ही तर खात नाही, मग लावता कशाला? उत्तरं दोन आली. एक, "गंमत म्हणून, मुलांना दिसतं कसं उगवतं ते." दोन, "आम्ही खात नाही, कामवाल्या मावशींना देऊ."

पहिल्या उत्तराला आपल्या आठव्या व्रतात नाव आहे. अनर्थदंड. पोटासाठी, कुटुंबासाठी, धंद्यासाठी जे करावं लागतं ते वेगळं, त्याची मर्यादा घालायची आणि जपून करायचं. पण ज्याची गरजच नाही, जे केलं नाही तर कोणाचं काही अडत नाही, अशी हिंसा म्हणजे अनर्थदंड. आंबेगावचा शेतकरी बटाटा लावतो तेव्हा त्याच्या मागे पीककर्ज आहे, मुलीचं लग्न आहे, मजुरांची हजेरी आहे. आपल्या गच्चीवरच्या तीन पिशव्यांमागे काय आहे? एक फोटो आणि स्टीलचा डबा बक्षीस. दोघांनी काढलेला बटाटा सारखाच. आपल्या बटाट्याला कारण नाही, म्हणून तो जास्त जड.

यावरून कोणी शेतकऱ्याला नावं ठेवू नयेत. आपल्यात ती वाईट खोड आहे. त्याने पिकवलेल्या गव्हावर, तुरीवर, उसावर आपण जगायचं आणि तो जमीन नांगरतो म्हणून नाक मुरडायचं. "उपासकदशांग" सूत्रातला आनंद श्रावक आठवा. त्याच्याकडे पाचशे नांगरांची जमीन होती, हजारो गाई होत्या. भगवान महावीरांनी त्याला शेती सोड म्हणून सांगितलं नाही. त्याने प्रत्येक गोष्टीला मर्यादा घातली, अगदी भाजी कोणती खायची इथपर्यंत. श्रावकाचं मोठेपण त्या मर्यादेत आहे. आपण मात्र मर्यादेला पळवाट शोधतो आणि तिला "नवीन विचार" म्हणतो.

दुसरं उत्तर तर मला टोचतंच. जे आपल्या ताटात पाप, ते मावशींच्या पिशवीत दान? मावशी बटाटा खातात, तो त्यांचा प्रश्न, त्यांच्या घरी एकादशीलाही बटाटा चालतो. त्यात कमीपणा काहीच नाही. पण आपण जे अन्न हलकं समजतो ते त्यांच्यासाठी मुद्दाम पिकवायचं, यात त्यांचा मान नाही आणि आपला धर्मही नाही. करणं, करवणं आणि अनुमोदन, तिन्ही सारखी धरली आहेत ना? मावशींना काही द्यायचंच असेल तर पगारात शंभर-दोनशे वाढवा. त्यांना काय आणायचं ते त्या ठरवतील.

टाळ्या वाजवणाऱ्यांनी जरा थांबावं

इथपर्यंत वाचून काही जणी खूश झाल्या असतील. "बरं झालं ताईंनी सुनावलं." आता तुमच्याशी बोलते.

आपल्या किती घरांत बटाटा "येत नाही" आणि तरी खाल्ला जातो? घरातल्या शेगडीवर नाही, पण पुण्याला जाताना यवत-पाटसच्या ढाब्यावर चालतो. नगर रस्त्याला शिक्रापूर-रांजणगावला गाडी थांबली की पुरुषमंडळींच्या हातात वडापाव असतो. दौंड स्टेशनवर गाडीला वेळ असला की मुलं समोसा मागतात आणि आपण नजर दुसरीकडे करतो. घरी आलं की बाहेरचं ते बाहेर. मग घरात आलेली नवी सून भाजीत चुकून आलं किसून घालते तेव्हा सगळं घर तिच्यावर तुटून पडतं!

याचा अर्थ काय? त्याग सगळ्या घराचा, आणि सांभाळायचा एकट्या बाईने. स्वयंपाकघर शुद्ध ठेवलं की घर जैन झालं, बाकीच्यांना मोकळीक. हे मला अजिबात मान्य नाही. पच्चक्खाण माणूस घेतो, शेगडी घेत नाही. ज्याने घेतले त्याने पाळावे, ज्याला जमत नाही त्याने तसं मोकळेपणाने सांगावं. पण सुनेच्या हातातला बटाटा अपवित्र आणि मुलाच्या हातातला "बाहेरचा", हा हिशोब बंद करा. पिशवीतल्या बटाट्याला अहिंसक म्हणणं जितकं खोटं, तितकंच हेही खोटं.

आणखी एक. आपल्या नात्यागोत्यात कांदा-बटाट्याच्या आडतीवर उभी राहिलेली घरं आहेत. त्यांना मी काही बोलणार नाही, पिढ्यांचा धंदा एका लेखाने सुटत नाही. पण "आम्ही बटाटा शिवत नाही" असं चारचौघांत मिरवताना घरातल्या पावत्यांची आठवण ठेवावी. मिरवलं नाही तर विचारायला कोणी येत नाही.

आणि लग्नातली ती "जैन पावभाजी", "जैन वडा". कच्चं केळं घालून हुबेहूब बटाट्याची चव आणायची. केळं चालतं, हरकत नाही. पण त्याग केलेल्या वस्तूची नक्कल करण्यात आपली सगळी हुशारी खर्च होत असेल, तर सोडलं काय? कच्च्या केळ्याची आपली म्हणून एक भाजी असते, मिरे-लिंबाची. ती करा की.

वाफा रिकामा ठेवायचा का?

मुळीच नाही. परसबाग ही चांगलीच गोष्ट आहे. मुलांना माती कळते, ताजी भाजी मिळते. थंडीतला वाफा दसऱ्यानंतर तयार करायचाच असेल तर त्यात वाल, पावटा, घेवडा लावा. मटार लावा, त्यालाही बटाट्यासारखीच थंडी आवडते. कुंपणाला तोंडली आणि दुधी चढवा. काळ्या जमिनीत पाणी साचत असेल तर गादीवाफा करा. बांधाला एक शेवगा पुरतो, शिरूरच्या कमी पावसातही तो तगतो.

साठवणीची हौस असेल तर तीही भागते. पिकलेला लाल भोपळा देठासकट काढून, जमिनीला न टेकवता शिंक्यात ठेवला तर काही महिने टिकतो, आणि टिकताना कोंब काढत नाही. गवारीच्या कोवळ्या शेंगा मिठाच्या पाण्यातून काढून वाळवा. वालाचे, तुरीचे, मटाराचे दाणे वाळवून डब्यात भरा. आपल्या मारवाडी घरांत आठम-चौदसला, चातुर्मासात हिरवं चालत नाही तेव्हा वडी, राबोडी, गट्टे, पापडाची भाजी, केर-सांगरी यांवरच तर दिवस निघतात. साठवणीचं एवढं मोठं शास्त्र आपल्या आज्यांनी उभं केलं, तेही बटाट्याशिवाय. त्याची स्पर्धा ठेवा. त्यात परीक्षक म्हणून माझ्या सासूबाईंना बोलवा, कोणाची राबोडी नीट वाळली नाही ते त्या वासावरून सांगतील.

मुलांना उगवताना दाखवायचं तर घेवड्याचा दाणा बाटलीत ओल्या कापसावर ठेवतात, तसं दाखवा. आणि बटाट्याबद्दल सांगायचं तर भाजीवाल्याकडे नेऊन टोपलीतला कोंब आलेला बटाटा दाखवा. म्हणावं, बघ, याला कोणी पाणी घातलं नाही, तरी हा उगवतोय, म्हणून आपण याला हात लावत नाही. एवढं पुरतं. सहा वर्षांच्या मुलालाही समजतं.

तर गटातल्या भगिनींना माझी हात जोडून विनंती आहे. बेणं वाटायला अजून वेळ आहे. स्पर्धेतून बटाटा काढून टाका, किंवा ज्या खातात त्यांच्यासाठी ठेवायचाच असेल तर "अहिंसक" हा शब्द तरी खोडा. सगळ्या समाजाच्या बायका गटात आहेत, त्यांनी आनंदाने लावावा, त्यांच्या घरात तो चालतो. पण आपल्यापैकी जिने जमीकंद सोडला आहे तिने तो बक्षिसासाठी मातीत पुरू नये. आणि जिने सोडलेला नाही तिला स्थानकात कोणी टोमणा मारू नये, कारण टोमण्यानेही कर्मबंध होतोच.

मला कोणी जुन्या वळणाची म्हटलं तर चालेल. महासतीजी चातुर्मासासाठी इथेच आहेत, व्याख्यानानंतर त्यांना दोघी-तिघींनी मिळून जरूर विचारा. माझं चुकीचं निघालं तर पुढच्या लेखात तसं लिहीन. पण विचारताना प्रश्न पूर्ण विचारा. "पिशवीत लावलेला चालतो का" एवढंच नाही, तर "आम्ही खाणार नाही, तरी हौसेने लावलेला चालतो का" हेही विचारा.

जय जिनेंद्र.